विश्लेषण : लस होती, पण विश्वास नव्हता! प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी लोकांना कसे पटवले?

करोनाच्या काळात लस घ्यायची की नाही, यावरून घराघरांत वाद झाले. ताप येतो म्हणून कुणी टाळाटाळ केली, मोबाइलवर आलेले मेसेज वाचून कुणी घाबरले, तर कुणाचा सरकारवरच भरवसा नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत जवळपास हेच घडले होते. साथ होती प्लेगची, ती जगभर पसरत होती आणि तिच्यावरची लस मुंबईतच तयार झाली होती. ती तयार करणारे शास्त्रज्ञ म्हणजे वाल्देमार मोर्डेकाई हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमुळे हे नाव महाराष्ट्राला पाठ आहे. पण हा माणूस कोण होता, त्याच्या लशीला विरोध का झाला आणि एका बाटलीमुळे त्याचे आयुष्य कसे उलटेपालटे झाले, याची माहिती फार कमी जणांना असते.

हाफकिन मूळचे कुठले?

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तिथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी मेचनिकोव्ह यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळाले.

तो काळ झारशाहीविरुद्धच्या चळवळींचा होता आणि विद्यार्थी हाफकिन त्यात ओढले गेले. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि त्यानंतर ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. ओडेसात ज्यू वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिन होते. त्यांना मारहाण झाली, अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केल्याने ते सुटले.

शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यापीठात पुढे जाण्याची वाट बंद होती. ज्यू धर्म सोडून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती झाल्यास ती उघडणार होती. हाफकिन यांनी नकार दिला. काही वर्षे ओडेसातील प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात काम करून १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा आणि मग पॅरिस. लुई पाश्चर यांच्या संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून त्यांनी ग्रंथालयात मदतनिसाची नोकरी धरली. नोकरीतून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवत.

कॉलऱ्याच्या लशीची पहिली चाचणी कुणावर?

कॉलरा म्हणजेच पटकी हा त्या काळातला मोठा मारेकरी होता. हाफकिन यांनी त्यावर काम सुरू केले. कॉलऱ्याचे जंतू त्यांनी गिनीपिगच्या शरीरातून एकामागोमाग एक असे ३९ वेळा नेले, तेव्हा त्यांची तीव्रता वाढून स्थिर झाली. दुसरीकडे काही जंतू उष्णतेच्या साहाय्याने कमजोर केले. आधी कमजोर जंतूंचा डोस आणि काही दिवसांनी तीव्र जंतूंचा, असा त्यांचा क्रम होता.

प्राण्यांवर परिणाम दिसला, पण माणसावर काय होईल? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर त्यांच्या काही रशियन मित्रांनी लस घेतली. आज नव्या लशीच्या मानवी चाचणीसाठी नैतिक समिती, संमतिपत्र आणि अनेक टप्पे पार करावे लागतात. तेव्हा असे नियम नव्हते. दुसऱ्याला टोचण्याआधी स्वतःला टोचायचे, हा हाफकिन यांनी स्वतःपुरता घातलेला नियम होता आणि तो त्यांनी पुढेही पाळला.

भारतात कसे आले?

पॅरिसमध्ये तेव्हा ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन. त्याआधी ते भारताचे व्हाइसरॉय होते आणि कॉलरा इथे काय करतो हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी हाफकिन यांना भारतात जाण्यास सुचवले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला पोहोचले.

तिथे त्यांची अडचण दुहेरी होती. सरकारी डॉक्टरांना ते परके वाटत. ते रशियन होते आणि रशिया म्हणजे ब्रिटिशांचा प्रतिस्पर्धी. ते ज्यू होते. शिवाय ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. दुसरीकडे सामान्य लोकांना ते सरकारी माणूस वाटत. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये सुरुवातीला त्यांच्या पथकावर दगड आले. हाफकिन आणि त्यांच्यासोबतच्या भारतीय डॉक्टरांनी लोकांसमोर आधी स्वतःला टोचून दाखवले, तेव्हा काही जण पुढे आले.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत कॉलरा पसरला. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर आढळलेले रुग्ण लस न घेतलेल्यांपैकीच होते. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या लोकांमध्ये हा फरक दिसला. लस घेतलेले आणि न घेतलेले यांची शेजारी शेजारी तुलना करायची, ही पद्धत हाफकिन यांनी इथून पक्की केली. दोन-अडीच वर्षांत त्यांनी ४० हजारांहून अधिक लोकांना कॉलऱ्याची लस दिली. मलेरियाने प्रकृती खालावल्यामुळे १८९५ मध्ये ते युरोपला परतले आणि १८९६ मध्ये पुन्हा भारतात आले. यावेळी त्यांच्यापुढे वेगळाच रोग उभा होता.

मुंबईत प्लेग कुठून आला?

चीनच्या युन्नान प्रांतातून पसरलेला प्लेग १८९४ मध्ये हाँगकाँगला पोहोचला. तिथे अलेक्झांडर येर्सिन यांनी त्याचा जंतू शोधला. पुढे जहाजांच्या मार्गाने हा रोग बंदरांमागून बंदरे गाठत गेला. मुंबईनंतर काही वर्षांतच तो केपटाऊन, सिडनी आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पोहोचला. इतिहासात ही प्लेगची तिसरी जागतिक साथ म्हणून नोंदली गेली आहे. तिचा सर्वात मोठा फटका भारताला बसला. इथे काही दशकांत एक कोटीहून अधिक लोक दगावले.

मुंबईत पहिले निदान मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या धान्य गोदामांच्या परिसरात ताप आणि गाठी असलेले रुग्ण पाहून हा प्लेग असल्याचे त्यांनी सांगितले. पुढच्याच महिन्यात, ७ ऑक्टोबर १८९६ रोजी हाफकिन मुंबईत दाखल झाले.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसापर्यंत येतो, हे तेव्हा माहीत नव्हते. पॉल लुई सिमों यांनी तो दुवा १८९८ मध्ये कराचीत दाखवला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे रोग घाणीतून, हवेतून, माणसाच्या स्पर्शातून पसरतो असे धरून सरकार कामाला लागले.

लोकांचा राग नेमका कशावर होता?

सरकारी उपायांचा मारा थेट घरांवर होता. जमिनी खणणे, भिंतींवर जंतुनाशकाचे फवारे मारणे, सामान जाळणे, रुग्णाला उचलून रुग्णालयात नेणे आणि नातेवाइकांना वेगळ्या छावणीत ठेवणे, असा हा कार्यक्रम होता. रुग्णालयात गेलेला माणूस सहसा परत येत नसे, कारण रोगच तसा होता. पण लोकांनी अर्थ असा लावला की, रुग्णालयातच मारतात. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी संतापलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. हेच पुढचे कस्तुरबा रुग्णालय. लाखो लोक शहर सोडून गेले आणि जाताना रोगही काही ठिकाणी घेऊन गेले.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो हाच कायदा. त्या आधारे पुण्यात प्लेग कमिशनर वॉल्टर चार्ल्स रँड यांनी गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या सुरू केल्या. देवघरे आणि स्वयंपाकघरे तपासली गेली, बायकांची तपासणी झाली. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभानंतर, चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. केसरीतील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

हाफकिन यांची लस लोकांसमोर आली ती या वातावरणात. झडती घेणारे सरकार आणि सुई घेऊन येणारे सरकार एकच होते. लोकांनी दोन्हींत फरक का करावा, हा प्रश्न लशीच्या वाटेत पहिल्या दिवसापासून होता.

प्लेगची लस कशी तयार झाली?

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत हाफकिन यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली.

कॉलऱ्याच्या लशीत जिवंत जंतू होते. प्लेगसाठी त्यांनी मेलेल्या जंतूंचा मार्ग धरला. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. जंतू तुपाच्या थेंबांना धरून झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. मग भांडे हलवले की ते तळाशी जात आणि वर नवे वाढू लागत. काही आठवड्यांनी हे मिश्रण सुमारे ६५ अंश सेल्सिअसवर तासभर तापवून जंतू मारले जात. जंतू पुन्हा शिरू नयेत म्हणून त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घातले जाई.

रश्श्यासाठी त्यांनी बोकडाचे मांस वापरले. गाय किंवा डुक्कर यांचा संबंध आला असता तर हिंदू आणि मुसलमान दोघांनीही लशीकडे पाठ फिरवली असती. प्रयोगशाळेतल्या कच्च्या मालाची निवड करतानाच लस घेणाऱ्या माणसाचा विचार त्यात होता. अर्थात शाकाहारी कुटुंबांचा आक्षेप त्यामुळे संपला नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली. डोस होता १० घन सेंटिमीटर, म्हणजे नंतर लोकांना दिल्या गेलेल्या डोसच्या तिपटीहून अधिक. कडक ताप आला, टोचलेल्या जागी वेदना झाल्या, पण ते सावरले. मग कॉलेजमधील काही मंडळींनी लस घेतली.

लस काम करते हे कसे सिद्ध झाले?

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी लस घेण्याची तयारी दाखवली. पुढच्या दिवसांत लस घेतलेल्या गटात दोघांना लागण झाली, मृत्यू एकही नाही. लस न घेतलेल्या गटात १२ जणांना लागण झाली आणि सहा दगावले. दोन्ही गटांचे अन्न, पाणी, कोठड्या आणि दिनक्रम सारखाच होता. कैद्यांची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज कुणीही विचारेल. त्या काळात तुरुंग ही चाचणीची सोयीची जागा मानली जात होती.

त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणमध्ये मोठी साथ आली. तिथे लस घेतलेल्या सुमारे २,२०० लोकांपैकी ३६ दगावले. लस न घेतलेल्या सुमारे सहा हजारांपैकी जवळपास दीड हजार दगावले.

सर्वात बोलके आकडे बडोद्याजवळच्या उंढेरा गावचे होते. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे जेवणारे लोक दोन गटांत आले. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला, त्या घरांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले आणि तीन दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यातले २६ दगावले.

ही लस पूर्ण संरक्षण देत नव्हती आणि तिचा परिणाम काही महिनेच टिकत असे. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने १८९८-९९ मध्ये तपासणी करून लशीमुळे लागण आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, हे मान्य केले. मात्र प्रत्येक बाटलीतील लशीची ताकद सारखी नसते, डोस मोजण्याची पद्धत पक्की नाही, असे आक्षेपही नोंदवले. ते आक्षेप निराधार नव्हते.

मग विरोध का झाला?

अफवा भरपूर होत्या. पंजाबात सांगितले जाई की, सुई हातभर लांब असते, टोचताच माणूस मरतो किंवा सहा महिन्यांनी खंगून जातो, पुरुष नपुंसक होतात आणि बायकांना मूल होत नाही. खुद्द जिल्ह्याचा अधिकारी लस घेऊन अर्ध्या तासात मेल्याचीही वदंता होती. मुंबईत रुग्णालयात नेऊन माणसाच्या शरीरातून औषध काढतात, असे बोलले जाई.

पण सगळा विरोध अफवांतून आलेला नव्हता. लशीने ताप येई, दंड किंवा पोट सुजून दुखे, दोन-तीन दिवस काम होत नसे. हातावर पोट असलेल्या गिरणी कामगारासाठी किंवा हमालासाठी तो थेट मजुरीचा प्रश्न होता. आधीच लागण झालेल्या माणसाने लस घेतली आणि तो दगावला, तर गावाला दिसे ते एवढेच की, सुई टोचली आणि माणूस गेला. त्यात काही ठिकाणी लस घेतलेल्यांना छावणीत जाण्यापासून सूट मिळू लागली. त्यामुळे लस घेणाऱ्यांची संख्या वाढली, पण लस हा त्याच सक्तीचा भाग आहे, असा समजही बळावला.

हाफकिन यांचे मत सुरुवातीपासून ठाम होते. झडत्या, धूर आणि विलगीकरणाच्या सक्तीने प्लेग थांबत नाही. लस द्यावी, पण लोकांच्या राजीखुशीने. सक्तीच्या उपायांवर विश्वास असलेल्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. बाहेरून आलेला, डॉक्टरही नसलेला माणूस आपल्याला शिकवतो, ही बोच त्यात होती.

लोक तयार कसे झाले?

जिथे समाजातील विश्वासाचा माणूस पुढे झाला, तिथे चित्र बदलले. खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगा खान तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस घेतली, तीही एकदा नव्हे तर अनेकदा. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. मुंबईतील हजारो खोजांनी लस घेतली आणि त्या समाजातील मृत्यू कमी झाले. हे आकडे मग इतर समाजांना दाखवता आले. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील हुबळीतही १८९८ च्या साथीत हजारो लोकांनी लस घेतली.

लशीची मागणी वाढली, तशी जागा अपुरी पडू लागली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. १८८० च्या दशकात एका गव्हर्नरांच्या पत्नीचा इथे कॉलऱ्याने मृत्यू झाला, त्यानंतर गव्हर्नरांनी ही वास्तू सोडली होती. हाफकिन यांना १८९७ मध्ये सीआयई हा किताब मिळाला होता. पुढे ब्रिटिश नागरिकत्वही मिळाले. परळहून भारताच्या कानाकोपऱ्यात आणि देशाबाहेरही लस जाऊ लागली.

मुलकोवालमध्ये काय घडले?

१९०२ मध्ये पंजाब सरकारने लाखो लोकांना लस देण्याची मोहीम आखली. एवढी लस वेळेत तयार करायची तर जुनी, अनेक आठवड्यांची पद्धत पुरणार नव्हती. हाफकिन यांनी रश्श्याऐवजी आगरवर जंतू वाढवण्याची जलद पद्धत घेतली आणि कार्बोलिक ॲसिड वगळले. उष्णतेने निर्जंतुकीकरण नीट झाले तर त्याची गरज नाही, असे त्यांचे मत होते. युरोपातील प्रयोगशाळांचा अनुभवही तसाच होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी गुजरात जिल्ह्यातील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. हे ठिकाण आज पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात आहे. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या. त्यांपैकी ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतून १९ जणांना लस मिळाली. काही दिवसांत त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे दगावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

बातमी पंजाबभर पसरली. आधीच्या अफवा ज्यांनी खोट्या मानल्या होत्या, त्यांच्याकडेही आता उत्तर नव्हते. १९ कुटुंबांनी सरकारच्या सांगण्यावरून सुई टोचून घेतली होती आणि त्यांची माणसे गेली होती. मोहीम कोलमडली. त्यानंतरच्या वर्षांत पंजाबात प्लेगने अतोनात बळी घेतले.

दोष कुणाचा होता?

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाटली मुलकोवालमध्ये उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत दूषित झाली असावी, असा निष्कर्ष त्याने काढला. कार्बोलिक ॲसिड वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले.

आयोगासमोर आलेला एक पुरावा मात्र वेगळे सांगत होता. मुलकोवालमध्ये बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळून किंवा जाळावर धरून शुद्ध न करता फक्त जंतुनाशकात बुडवून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली परळला भरून सुमारे सहा आठवडे झाले होते. इतके दिवस जंतू आत वाढत राहिले असते, तर उघडताना दुर्गंधी यायला हवी होती आणि लोक अधिक लवकर आजारी पडायला हवे होते. तसे झाले नव्हते. लंडनच्या लिस्टर संस्थेतील तज्ज्ञांचा कौलही हाफकिन यांच्या बाजूने होता. तरी चौकशीची कागदपत्रे बराच काळ लोकांसमोर आली नाहीत. आरोप जाहीर होता, बचाव मात्र फायलीत होता.

कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर मलेरियाचा डासांशी संबंध शोधणारे नोबेल विजेते रोनाल्ड रॉस पुढे आले. त्यांनी वृत्तपत्रांतून बाजू लावून धरली. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांच्यावरचा आरोप पुराव्याने सिद्ध होत नसल्याचे सांगितले. वर्ष संपण्याआधी सरकारने त्यांना दोषमुक्त ठरवले. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर झालेल्या अन्यायाशी या प्रकरणाची तुलना तेव्हापासून होत आली आहे.

पुढे काय झाले?

हाफकिन भारतात परतले, पण परळला नाही. तिथल्या प्रमुखपदी दुसरे अधिकारी होते. त्यांना कलकत्त्यात जागा मिळाली. तिथे लस तयार करण्याची सोय नव्हती, लोकांवर चाचण्या घेण्याची परवानगीही नव्हती. दोन लशी देणाऱ्या या शास्त्रज्ञाने नोकरीची उरलेली वर्षे प्रामुख्याने सैद्धांतिक संशोधनात काढली आणि पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती घेतली.

पुढची वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये आणि अखेरची स्वित्झर्लंडमध्ये काढली. तरुणपणी धर्म सोडायला नकार देणारे हाफकिन उत्तरायुष्यात अधिक धार्मिक झाले. त्यांनी लग्न केले नाही. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

हाफकिन यांचे नाव परळला कधी मिळाले?

दोषमुक्तीनंतर तब्बल १८ वर्षांनी, १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिले गेले. तेव्हा ते हयात होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. लस निर्मितीचे काम पुढे हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लशीमुळे हे नाव घरोघरी पोहोचले.

लसीकरणाची मोहीम आखणाऱ्यांसाठी या कहाणीतील दोन गावे आजही अभ्यासाची आहेत. उंढेऱ्यात लशीचा फायदा आकड्यांतून दिसला, तोही लोकांच्या स्वतःच्या घरांतून. मुलकोवालमध्ये १९ माणसे गेली आणि खरे काय घडले हे लोकांना वेळेत कुणी सांगितले नाही. लस घेतल्यावर काही विपरीत घडले, तर त्याची नोंद करून, कारण शोधून ते जाहीर करण्याची यंत्रणा आज देशात जिल्हा पातळीपर्यंत आहे. १९०२ मध्ये ती नव्हती आणि त्याची किंमत हाफकिन यांच्याहून कितीतरी अधिक पंजाबच्या गावांनी मोजली.